जांभूळच्या पाण्यात कोण नाही?



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांचा विषय जीवशास्त्र होता. म्हणून आज मी उल्हास नदीच्या तळाशी राहणाऱ्या जीवांबद्दल बोलणार आहे. मासे त्यात येत नाहीत. मासा मेला की तो पाण्यावर येतो, फोटो निघतो, बातमी होते. मी बोलणार आहे ते पाठीचा कणा नसलेल्या जीवांबद्दल: पाणकिडे, अळ्या, गोगलगायी, शिंपले, जळवा, खेकडे. हे मरतात तेव्हा कोणाला कळत नाही. नदीत काय मिसळले होते याची सर्वांत भरवशाची साक्ष मात्र त्यांच्याकडेच असते.

हा विषय जांभूळमध्येच बोलायला हवा. बारवी धरणातून सोडलेले पाणी नदीच्या वाटेने खाली येते, इथे जवळच उचलले जाते आणि औद्योगिक विकास महामंडळाच्या जांभूळ जलशुद्धीकरण केंद्रात जाते. तिथून ते ठाणे जिल्ह्यातल्या कारखान्यांना आणि शहरांना मिळते. पाणी उचलण्याच्या जागेच्या वरच्या अंगाला कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर अशी झपाट्याने वाढणारी गावे आहेत, वसाहती आहेत, कारखाने आहेत. उघड्या नदीतून लाखो माणसांचे पाणी उचलायचे, तर त्या नदीवर रात्रंदिवस कोणाचा तरी पहारा हवा. तो आज कोण करते?

आज तो बाटली करते. प्रदूषण नियंत्रणाच्या बाबतीत महाराष्ट्र मागे नव्हता. केंद्राचा जल कायदा १९७४ चा. आपल्या राज्याने त्याआधी १९६९ मध्येच स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापन केले. उल्हासवर बदलापूरला, मोहन्याला ठरलेल्या जागांवरून नमुने घेतले जातात. विरघळलेला प्राणवायू, जैविक ऑक्सिजन मागणी, जिवाणू हे सगळे मोजले जाते, आणि ते मोजलेच पाहिजे. पण बाटलीत येते ते त्या क्षणाचे पाणी. नदी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहत असेल, तर तासाला १.८ किलोमीटर जाते. रात्री दोन वाजता कोणी टँकर रिकामा केला, तर सकाळी अकराला नमुना घेणारा माणूस काठावर येईपर्यंत ते पाणी १६ किलोमीटर खाली गेलेले असते. बाटली खोटे बोलत नाही. तिला रात्रीचे काही ठाऊकच नसते.

असे टँकर ही कल्पनेतली गोष्ट नाही, हे या भागाला सांगायला नको. २०१४ च्या नोव्हेंबर अखेरीस उल्हासनगरात वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडले गेले, त्यातून विषारी वायू उठला आणि शेकडो माणसे श्वास कोंडून रुग्णालयात गेली. वालधुनी उगम पावते काकोळ्याच्या डोंगरात, अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहते आणि खाली कल्याणला उल्हासच्या खाडीला मिळते. म्हणजे तिचे पाणी जांभूळला येत नाही. मंदिराच्या शिलालेखावरचा शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. साडेनऊशे वर्षे ज्या पाण्याच्या काठावर पूजा झाली, त्याच्या वाफेने माणसे आजारी पडली. त्या रात्री माणसांना बाधा झाली म्हणून ती रात्र नोंदली गेली. वायू न उठता, वास न येता जे वाहून गेले असेल, त्याच्या रात्री कोणी लिहून ठेवल्या?

त्या कोण लिहिते हे पाहायला सह्याद्रीतून उतरणारा एखादा स्वच्छ ओढा घ्या. पाऊस ओसरल्यावर कोंडेश्वरच्या बाजूला गेलात तर असे पाणी अजून दिसते. गुडघाभर वाहत्या पाण्यातला एक दगड उचलून उलटा करा. दगडाला चिकटून चपट्या अंगाची, तीन शेपट्यांची पिल्ले सरपटतात. ही मेफ्लायची पिल्ले. त्यांचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना उघडे असतात, आणि दगडावरचा शेवाळाचा पातळ थर खरवडून ती जगतात. त्यांच्या शेजारी वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत कॅडिसफ्लायची अळी असते. तिचाच एक भाऊबंद नळी न करता दोन दगडांच्या फटीत रेशमी जाळे विणतो आणि वाहून येणारे कण त्यात धरतो. वाळूत गाडून घेतलेले चतुराचे पिल्लू भक्ष्याची वाट पाहत असते. संथ कडेला पाणविंचू, पाण्याच्या पृष्ठावर निवळ्या, गाळात शिंपले.

यांतला प्रत्येक जण त्या जागेला बांधलेला आहे. मासा विषाची चाहूल लागली की पळतो. मेफ्लायचे पिल्लू फार तर प्रवाहात अंग सोडून देते. शिंपल्याला तेवढेही जमत नाही. त्यामुळे जे काही वाहून जाते ते सगळे यांच्या अंगावरून जाते. शिवाय प्रत्येकाची आठवण वेगवेगळ्या लांबीची असते. आपल्या उष्ण पाण्यात गाळातल्या, डासासारख्या माशीच्या लाल अळ्या काही आठवड्यांत पिढी पुरी करतात, मेफ्लायला महिना-दोन महिने किंवा थोडे अधिक लागतात, वाळूतला चतुर बरेच महिने पाण्यात काढतो, शिंपला कित्येक वर्षे जगतो. एखाद्या जागी लाल अळ्या आणि लहान मेफ्लाय आहेत, पण मोठा चतुर आणि शिंपला नाही, असे दिसले तर शंका घ्यायला जागा आहे: महिन्या-दोन महिन्यांत इथे काही झालेले नाही, पण त्याआधी झाले असावे.

या जीवांवरून पाण्याची प्रत ठरवण्याची पद्धत जुनी आहे. कोल्कविट्झ आणि मार्सोन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १९०८-०९ च्या सुमारास कोणते जीव किती घाणीत तग धरतात याच्या याद्या केल्या. ब्रिटनमध्ये १९७६ साली नेमलेल्या एका गटाने पाणकिड्यांच्या प्रत्येक कुळाला १ ते १० गुण देण्याची सोपी रीत बसवली. चपटा मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या किड्याची बहुतेक कुळे यांना १०, वाळूतल्या चतुराला ८, जाळे विणणाऱ्या कॅडिसला ५, काटक जातीच्या लहान मेफ्लायला ४, फुफ्फुसाच्या गोगलगायीला ३, लाल अळ्यांच्या कुळाला २, गाळातल्या गांडुळांना १. समजा तुमच्या ताटलीत चपटा मेफ्लाय, दुसरा एक १० गुणांचा मेफ्लाय, काटक मेफ्लाय, जाळेवाला कॅडिस, चतुर आणि ५ गुणांची निवळी अशी सहा कुळे आली, तर बेरीज ४२ आणि सरासरी ७. दुसऱ्या ताटलीत काटक मेफ्लाय, लाल अळ्या, गांडुळे आणि गोगलगाय एवढीच आली, तर बेरीज १०, सरासरी अडीच. किती किडे आले हे मोजायचे नाही, किती कुळे आली हे मोजायचे. दहावीचे मूल हे करू शकते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही यमुनेवरच्या कामातून ही रीत भारतीय नद्यांसाठी जुळवून घेतली आणि स्वच्छ ते अतिप्रदूषित अशा पाच इयत्ता ठरवल्या. पद्धत सरकारदप्तरी आहे. ती उल्हासच्या काठावर नेमाने वापरली गेली पाहिजे.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. हे गुण बसवले गेले ते मुख्यतः मैलापाण्यासाठी. मैला पाण्यात आला की जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात, प्राणवायू संपवतात, आणि प्राणवायूचे भुकेले जीव आधी जातात. गांडुळे आणि लाल अळ्या मात्र चैनीत राहतात, कारण त्यांच्या अंगात आपल्यासारखे हिमोग्लोबिन असते आणि ते थोडासा प्राणवायूही धरून ठेवते. म्हणून त्या लाल दिसतात. पण आपल्या भागातला प्रश्न नुसत्या मैल्याचा नाही. रंग, आम्ले, धातू, द्रावके, कीटकनाशकांचे अंश हेही आहेत. त्यांची खूण वेगळी असते, आणि ती वाचायची तर कोण आहे यापेक्षा कोण नाही हे पाहावे लागते.

गोगलगायींपासून सुरू करू. काही गोगलगायींना कल्ले असतात, काहींना फुफ्फुसासारखी पिशवी, आणि पिशवीवाल्या वर येऊन हवा घेतात. कल्लेवाल्या गेल्या आणि पिशवीवाल्या राहिल्या, तर प्राणवायू संपला होता असा अर्थ लागतो. पण दोन्ही गेल्या आणि किडे मात्र बऱ्यापैकी राहिले, तर संशय आम्लावर किंवा तांब्यावर घ्यावा. आम्लाने शंख-शिंपल्यांचा चुना विरघळतो, आणि तांबे मृदुकाय प्राण्यांना फार थोड्या मात्रेत मारते. उलटे चित्रही असते: गोगलगायी, गांडुळे ठणठणीत, पण मेफ्लाय, कॅडिस आणि पाण्यातल्या कोळंब्या एकदम नाहीशा. हे कीटकनाशकाचे लक्षण. ही औषधे कीटकांच्या आणि कवचधारींच्या मज्जातंतूंवर घाला घालतात. गोगलगाय पुष्कळदा त्यातून वाचते. जर्मनीत याच निरीक्षणावरून २००५ च्या सुमारास कीटकनाशकांसाठी वेगळा निर्देशांक तयार झाला.

धातूंची खूण आणखी बारीक आहे. जस्त, तांबे, कॅडमियम हे दगडावरच्या शेवाळाच्या थरात साचतात, आणि चपटा मेफ्लाय तोच थर खरवडून खातो. म्हणजे पाण्यातून येणाऱ्या विषात अन्नातून येणाऱ्या विषाची भर पडते, आणि तो सर्वांत आधी जातो. जाळेवाला कॅडिस त्यामानाने टिकतो, पण प्रदूषित पाण्यात त्याचे जाळे वेडेवाकडे विणले जाते. लाल अळ्याही टिकतात. मात्र त्यांच्या तोंडातली दातांची रांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर दात कमीजास्त, तुटके, वाकडे निघतात. जीव जगतो आणि विषाची खूण अंगावर वागवतो.

राहिली टोकाची अवस्था. घाण, काळ्या, कुजलेल्या नाल्यातही डासाच्या अळ्या आणि लांब शेपटीची माशीची अळी असते. दोघी वरून हवा घेतात, त्यांना पाण्यातल्या प्राणवायूची गरजच नसते. एखाद्या नाल्यात त्या दोघीही नसल्या, गांडूळ नसले, तळाचा गाळ सुना असला, तर तिथले पाणी मैल्यापलीकडे गेले आहे. अशा नाल्याला घाणेरडा म्हणून सोडून देऊ नये. तिथेच आधी तपासणी करायची.

आता एक आकडा सांगतो, तो कृपया लक्षात ठेवा. सांडपाणी नदीत सोडताना त्यात तांबे लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत चालते, असे आपले सर्वसाधारण मानक आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे साठावा भाग. आणि डॅफ्निया नावाचा इवलासा पाणपिसवा मऊ पाण्यात लिटरला काही शतांश मिलिग्रॅम तांब्यानेच दोन दिवसांत हालचाल थांबवतो. सगळा हिशेब पातळ होण्यावर बेतलेला आहे. एप्रिल-मेमध्ये नदीत पाणीच कमी असते, तेव्हा पातळ करायला काय उरते? कायद्यात सांडपाण्याची एक जैविक कसोटी आहे: न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. कसोटी चांगली आहे, पण ती माशांची आहे. पुष्कळ विषांच्या बाबतीत मासा जिथे तरतो तिथे पाणपिसवा तरत नाही. कसोटीत त्यालाही जागा मिळायला हवी.

हे जीव काय सांगू शकत नाहीत, तेही सांगितले पाहिजे. रसायनाचे नाव ते सांगत नाहीत. ते प्रयोगशाळेलाच काढावे लागते. आणि किडे नाहीत म्हणजे विष आहे, असेही दरवेळी नसते. बंधाऱ्यामागे पाणी साचले की वाहत्या पाण्याचे किडे आपोआप जातात, त्यात कोणाचा गुन्हा नसतो. रेतीउपशाने तळच गेला तर त्यावर राहणारे राहतील कुठे? पूर तर सगळेच धुऊन नेतो. २०१९ च्या २७ जुलैला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली, ते आठवा. तशा पुरानंतर आठवडाभरात तळ तपासून काही निष्कर्ष काढणे चूक ठरेल. आपल्या नदीची आणखी एक खासियत आहे. उल्हास उन्हाळ्यात पूर्ण आटत नाही, कारण भिवपुरीच्या वीजकेंद्रातून १९२२ पासून आंध्रा नदीचे पाणी, म्हणजे खरे तर भीमेच्या खोऱ्याचे पाणी, घाट उतरून तिच्यात येते. वीजनिर्मिती चालू-बंद होते तसे ते पाणी वाढते-उतरते. काठालगतच्या किड्यांवर त्याचाही परिणाम होणारच. म्हणून तुलना एका जागेची दुसऱ्या जागेशी नुसती करून भागत नाही. कोंडेश्वरसारखा एक निरोगी ओढा कायम मापदंड म्हणून हवा, आणि त्याच जागांची त्याच ऋतूत वर्षानुवर्षे नोंद हवी.

नोंदीचे महत्त्व न्यायासाठीही आहे. उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणावर वनशक्ती संस्थेने दाद मागितली, आणि २०१५ च्या जुलैत राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने ९५ कोटी रुपयांची भरपाई ठरवली. प्रकरण पुढे वरच्या न्यायालयांत गेले. अशा प्रत्येक लढ्यात एक प्रश्न विचारला जातो: आधी ही नदी कशी होती? त्याचे उत्तर आज लिहून ठेवले नाही, तर वीस वर्षांनी कोणालाच देता येणार नाही.

नोंद मागाहून कामी येते; पाणी बिघडते त्याच क्षणी कळायचे, तर आणखी काही हवे. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आग विझवायला वापरलेल्या पाण्याबरोबर कित्येक टन कीटकनाशके ऱ्हाईन नदीत गेली. खाली सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले आणि तळाचे किडे मोठ्या पट्ट्यात नाहीसे झाले. त्या धक्क्यानंतर ऱ्हाईनकाठच्या केंद्रांनी जिवंत पहारेकरी बसवले. नदीचे पाणी सतत एका भांड्यातून फिरवायचे आणि त्यातल्या पाणपिसवांच्या हालचाली यंत्राने पाहायच्या. किंवा शिंपल्यांच्या कवचांना संवेदक लावायचे. शिंपला एरवी बहुतेक वेळ उघडा असतो, पाणी गाळून खातो. पाण्यात त्रासदायक काही आले की मिटतो. एक मिटला तर काही नाही. पुष्कळसे एकदम मिटले तर धोक्याची सूचना. पोलंडमध्ये वॉर्सा शहराचे पाणी व्हिस्चुला नदीतून उचलतात, तिथे आठ शिंपले हे काम करतात. काही महिन्यांनी त्यांना नैसर्गिक पाण्यात परत सोडून दुसरे आणतात.

माझी मागणी सरळ आहे. जांभूळच्या केंद्रात जिथे नदीचे कच्चे पाणी आत येते, तिथे अशी एक व्यवस्था बसवावी. परदेशी शिंपले आणायचे नाहीत. महाराष्ट्रातल्या नद्या-तलावांत लॅमेलिडेन्स वंशाचा मोठा शिंपला आहे. त्याच्या अंगात धातू कसे साचतात यावर आपल्याच विद्यापीठांतून बरेच काम झालेले आहे. तो किती वेळ मिटतो, कशाने मिटतो, मे महिन्याच्या गरम पाण्यात आणि पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात त्याचे वागणे कसे बदलते, हे आधी वर्षभर शिकावे लागेल. खर्च आहे, पण इतक्या शहरांच्या पाण्याच्या मानाने तो फार नाही. रात्री दोन वाजता पाणी बिघडले, तर पंप बंद करण्याचा निर्णय रात्री दोन वाजताच घेता आला पाहिजे.

दुसरे काम आपले सगळ्यांचे आहे. ते करायला मोठी संस्था लागत नाही, याचा पुरावा मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वी दिला आहे. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर १९११ च्या सुमारास मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना सह्याद्रीच्या ओढ्यांत हिंडत. तिथे त्यांना गोड्या पाण्यातले जेलीफिश सापडले. कलकत्त्याचे प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅनंडेल यांनी त्याचे लिम्नोक्निडा इंडिका असे नामकरण केले. ज्या ओढ्यातून रोज गुरे जात होती, त्यात असा जीव आहे हे शास्त्राला तोवर ठाऊक नव्हते. गुरांमागे जाणाऱ्या माणसाने तो पाहिला असेलही. म्हणून माझी विनंती आहे की या कामात कातकरी वाड्यांवरच्या जाणत्या बायामाणसांना पहिल्यापासून बरोबर घ्यावे. वलगणीला, म्हणजे पहिल्या पावसाच्या पाण्यात, कोणते मासे चढतात, खेकडे कोणत्या दगडाखाली असत आणि कधीपासून दिसेनासे झाले, शिंपले कोणत्या डोहात मिळत, हे ज्यांनी पोटासाठी पाहिले आहे, त्यांच्याइतकी जुनी नोंद कोणाकडेच नाही. ती आधी लिहून घ्या, आणि सांगणाऱ्याचा मोबदला द्या.

मग जागा ठरवा. मापदंड म्हणून कोंडेश्वरचा ओढा. बारवी नदी धरणाच्या खाली. उल्हास वांगणीजवळ, बदलापूरच्या वर, बदलापूरच्या खाली आणि जांभूळला पाणी उचलण्याच्या वर. त्यानंतर उल्हासनगरचा खेमाणी नाला नदीला मिळण्याच्या अलीकडे आणि पलीकडे. वालधुनीसाठी वेगळ्या जागा: काकोळ्याजवळ एक, मंदिराच्या वर एक, खाली एक. पूर ओसरून पाणी स्थिरावल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एकदा, फेब्रुवारीत एकदा, मेमध्ये एकदा. कल्याणचे बिर्ला महाविद्यालय, उल्हासनगरचे चांदीबाई महाविद्यालय अशा ठिकाणी प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आहेत. त्यांना प्रकल्प लागतातच. साहित्य म्हणजे अर्धा मिलिमीटर छिद्रांची जाळी, पांढरी ताटली, भिंग, चिमटा. जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरून तळ पायाने तीन मिनिटे ढवळायचा, आणि जाळीत आलेले ताटलीत ओतायचे. वालधुनीत उतरताना उंच रबरी बूट आणि हातमोजे घातल्याशिवाय कोणीही पाय टाकायचा नाही. वास उग्र असेल तर काठावरूनच परतायचे, आणि ‘परतलो’ हीसुद्धा नोंद लिहायची.

ताटलीतली कुळे ओळखून झाली की जिवंत जीव परत पाण्यात सोडा. प्रत्येक कुळातला एकेक नमुना मात्र अल्कोहोलमध्ये बाटलीत ठेवा. आज कोणाची ओळख चुकली, तर पुढच्या अभ्यासकाला ती दुरुस्त करता येते. ठिकाण, तारीख, वेळ आणि नमुना घेणाऱ्याचे नाव कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती बाटलीच्या आत टाकायची. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. शाई अल्कोहोलात विरघळते.